राघूच्या तोंडचं नाव

लग्नात माझं नाव बदललं, पण राघूला ते कोणी सांगितलं नाही.

आमच्याकडे तेव्हा रिवाजच तो होता. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, आणि बायकांनी वाकून बघून "बाई बाई, किती गोड!" म्हणायचं. आमच्या ह्यांनी लिहिलेलं नाव त्यांनी दिग्रसच्या टॉकीजमधल्या कुठल्याशा सिनेमातून उचललं होतं, हे मला मागाहून कळलं. त्या नटीचं नाक कसं आणि माझं नाक कसं! पण लिहिलं ते लिहिलं. माझं आधीचं नाव अगदी साधं होतं. आर्णीत आमच्या गल्लीत त्या नावाने हाक मारली की तीन पोरी बाहेर यायच्या. ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या जागी 'अमके' लिहिते, तुम्ही समजून घ्या.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. माहेर आर्णीचं, सासर दिग्रसचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी गेले आणि येताना राघूचा पिंजरा घेऊनच आले. राघू माझा होता. झाडाखाली पडलेलं पिल्लू मीच उचलून आणलं होतं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ बोटाने भरवून मीच वाढवलं होतं. त्याला एकच वाक्य यायचं. सकाळी माय चुलीपुढून ओरडायची, "अवं अमकेऽ, झोपली का?" तेच त्याने उचललं, मायच्या ठसक्यासकट. मोटारीत पिंजरा मांडीवर घेऊन बसले, तर सगळ्या रस्त्याने हा ओरडतोय, "अवं अमकेऽ, झोपली का?" शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, "पोरी, जागी आहो म्हन ना त्याले एकदाची."

सासरी दोन खोल्या आणि पुढे ओसरी. माणसं तीन. आमचे हे जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर होते. कापसाच्या हंगामात सकाळी जायचे ते दिवेलागणीनंतर डोक्यात रुई घेऊन यायचे. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले. उरलो मी आणि आत्याबाई. सासूला मी आत्याबाई म्हणायची.

आत्याबाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे जे मनात आणलं, ते वाचून तुम्हाला तसं वाटायचं. त्या फक्त बोलायच्या कमी. मला त्या 'अवं पोरी' म्हणायच्या. हे तर मला नावाने हाक मारणारच नव्हते, त्या काळी कुठला नवरा मारायचा? "ऐकलं का वं," एवढंच. शेजारच्या बाया नव्या नावाने हाक मारायच्या, आणि मी मागे वळून बघायची की ही कोणाला बोलावून राहिली. दोनचारदा असं झालं आणि गल्लीत बोभाटा झाला, की अमुक घरची सून कानाने जरा कमी आहे.

म्हणजे सगळ्या दिग्रसमध्ये मला माझ्या नावाने हाक मारणारा एकच जीव होता, आणि तो पिंजऱ्यात होता. सकाळी तो ओरडला की माझा जीव थाऱ्यावर यायचा. मी चुलीपुढे बसल्या बसल्या हळूच म्हणायची, "जागी आहो बाप्पा, जागी आहो."

आत्याबाईंना सुरुवातीला ते खपलं नाही. पहिल्या आठवड्यातच त्या पिंजऱ्यापुढे उभं राहून म्हणाल्या, "या घरात त्या नावाची कोनी नाही रे लेका." राघूने मान वाकडी केली आणि दुप्पट जोराने तीच हाक दिली. पुढे मात्र त्यांची आणि त्याची गट्टी जमली, मिरचीवरून. दोघांनाही हिरवी मिरची लागायची. आत्याबाई भाकरीबरोबर अर्धी खायच्या आणि अर्धी त्याला द्यायच्या, आणि दोघं समोरासमोर बसून कुडुम कुडुम करायचे. मला त्याचाही राग यायचा. राघू माझा ना!

वर्ष होत आलं आणि राघूने छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी मला वाटलं, पिसं झडायचे दिवस आहेत. मग एका ठिकाणी टक्कल दिसलं, गुलाबी कातडी. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी शिंपडलं, उन्हात ठेवलं, पिंजरा राखेने घासला. काही केल्या फरक नाही. माहेरी घरात माणसांचा बाजार असायचा, कोणी ना कोणी पिंजऱ्याला बोट लावून जायचं. इथे आम्ही दोघी, त्याही एकमेकींशी कामापुरतं बोलणाऱ्या.

आत्याबाई एक दिवस तूर निवडता निवडता म्हणाल्या, "पाखरू एकटं पडलं वं. त्याले जोडी पाह्यजे."

मी म्हटलं, "मी हावो ना."

"तू पाखरू हायस का?"

मग त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, अगदी सरळ, जसं कोणी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं. "जोडी आली की मंग थो माणसाचं बोलनार नाही. इसरून जाईन. पन पाखरावानी राहीन."

झालं! माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, आत्ता कळलं हे प्रेम कुठून फुटलं ते. पिसांचं निमित्त आहे, खरं दुखणं ती हाक आहे. आत्याबाईंना ते नाव घरातून घालवायचं आहे, म्हणून जोडीचा घाट. त्या दिवशी मी भाकरी अशा थापल्या की परात दणाणली. आत्याबाईंनी एकदा मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पिठानं काय केलं वं तुह्यं?"

मी ह्यांना सांगितलं, "जोडीबिडी काही आनाची नाही." हे म्हणाले, "नको तं नको." दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी सांगितलं, "जोडी आनजो रे." हे म्हणाले, "आनतो ना." असा आमचा नवरा! जिनिंगमध्ये काट्यावर उभं राहून राहून घरीही त्यांचा काटा कधी इकडे कधी तिकडे.

मी टाळत राहिले. पुढच्या बाजारी पाहू. उन्हाळा जाऊ द्या. आता संक्रांत झाली की. राघू पिसं उपटत राहिला आणि हाक देत राहिला, आणि मी ती हाक ऐकून मनाला सांगत राहिले की बघा, बोलतोय ना, म्हणजे बरा आहे.

मग ती दुपार आली. मी पितळी गडवे, म्हणजे पाण्याचे लोटे, चिंचेने घासून ओसरीवर उन्हात पालथे घातले होते. एक गडवा पिंजऱ्याला लागून होता आणि नव्यासारखा झळकत होता. मी आतून पदराला हात पुसत आले आणि दारातच थांबले. राघू पिंजऱ्याच्या तळाला उतरला होता. गजांतून चोच बाहेर काढून गडव्यातल्या राघूपुढे मान खालीवर करत होता. मग त्याने पोटातून घास वर काढला आणि गडव्याला भरवायला लागला. घास पितळेवरून घसरून खाली पडायचा. तो थांबायचा, बघायचा, आणि पुन्हा वर काढायचा. मी त्याला लहानपणी भरवलं होतं ना, तसाच, हळू हळू.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. चांगली भडभडून रडले. स्वतःसाठी रडत होते की त्याच्यासाठी, ते तेव्हाही कळलं नाही. आत्याबाई आतून आल्या, त्यांनी गडवा पाहिला, मला पाहिलं, आणि गडवा उचलून आत नेला.

"आना जोडी," मी म्हटलं. "पन लवकर आना. उद्या माहं मन फिरन."

बाजार दुसऱ्याच दिवशी होता. आत्याबाईंनी ह्यांना बजावलं, "राघूले मैना आनजो. पाहून आनजो, लंगडीफंगडी नको."

संध्याकाळी हे टोपली घेऊन आले. वरून फडकं बांधलेलं. चेहरा असा, जसे काही लंका जिंकून आलेत. आम्ही दोघी पुढे झालो. फडकं सोडलं तर आत तपकिरी अंगाची, पिवळ्या चोचीची, डोळ्याभोवती पिवळं लावलेली एक चिडलेली साळुंकी!

"हे काय हाय?" आत्याबाई म्हणाल्या.

"मैना."

"ही मैना?"

"मंग? बाजारात कोनालेही विचार. मैना हिलेच म्हनते."

"अरे, राघूची मैना हिरवी असते!"

"हिरवी मैना जगात कोनी पाह्यली?"

आत्याबाईंनी ह्यांचा दंड धरला आणि दाराखाली नेऊन उभं केलं. दारावर त्यांच्या हातचं मण्यांचं तोरण होतं. त्यात मधोमध राघू आणि मैना, चोचीला चोच लावलेले, दोघंही हिरवेगार. "हे पाह्य!" त्या म्हणाल्या. "माह्या हातानं ओवली!"

हे तोरणाकडे बघत राहिले, मग टोपलीकडे. मला हसू आवरेना. खरं सांगायचं तर चूक त्यांची एकट्याची नव्हती. जन्मभर आम्ही सगळ्यांनी राघू-मैना, राघू-मैना ऐकलेलं. लग्नाच्या गाण्यात तेच, उखाण्यात तेच, उशीच्या अभ्र्यावर तेच. राघूची बायको मैना, हे आम्हाला जसं काही शाळेत शिकवलं होतं. आणि परसात रोज गाईच्या पायात किडे वेचत फिरते ती मैनाच, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी नांदत होत्या, एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

तरी हे हट्टाला पेटले. "ठेवून तं पाहू. जमन त्यायचं." साळुंकीला पिंजऱ्यात सोडलं. तिने आत पाय टाकल्या टाकल्या डाळीच्या वाटीत उभं राहून सगळी डाळ उधळली. राघू वरच्या कोपऱ्यात जाऊन चिकटला आणि तिथून एकच बोंब, "अवं अमकेऽ! अवं अमकेऽ!" झोपली का, हे पुढचं त्या दिवशी त्याला सुचलंच नाही. मी धावत जाऊन दार उघडलं. साळुंकी ह्यांच्या खांद्यावर शिटून उडाली ती थेट कडुनिंबावर. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना असं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

पाखरंवाला पुढे आपल्याच पायाने आमच्या दारी आला. कावडीला पिंजरे लटकवून तो गल्लीतून चालला होता. आत्याबाईंनी त्याला ओसरीवर बोलावलं. "राघूले जोडी पाह्यजे. राघूचीच, हिरवी," त्यांनी आधीच सांगून ठेवलं. आता त्या मैना हा शब्द तोंडातून काढायला तयार नव्हत्या.

त्याने आमच्या पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "नर है के मादी?"

"राघू हाय म्हनलं ना. नर नाही तं काय?"

"तो कंठ कहाँ है?"

राघूंच्या गळ्यात ती काळी-गुलाबी रेघ असते, त्याला आम्ही कंठ म्हणतो. आमच्या राघूला ती नव्हती. "फुटाचा हाय अजून," मी म्हटलं. माहेरी आम्ही हेच म्हणायचो. पाहुणे विचारायचे, माय म्हणायची, फुटन ना, घाई काय.

"उमर कितनी?"

मी हिशेब केला आणि माझाच आवाज बारीक झाला. "पाच-सहा वर्सं."

तो मोठ्याने हसला. "बाई, अब क्या फूटेगा! मादी है ये."

एवढी वर्षं मी जिला भरवलं, जिच्याशी बोलले, ती पोरगी निघाली! मला त्याचं हसूही आलं आणि कुठेतरी बरंही वाटलं. आत्याबाई मात्र लगेच कामाला लागल्या. "मंग हिले राघू कसं म्हनाव? वेगळं नाव ठेवा लागन. ठमी म्हनू आजपासून."

"नाही!" मी ओरडले.

पाखरंवाला दचकला. कावडीतली पाखरंही फडफडली.

"नाव नाही बदलाचं तिचं. ती राघू हाय. तिले तेच नाव मालूम हाय. तुम्ही आपल्या मनानं नवं नाव ठेवसान, त्या नावानं हाका मारसान, आन् तिनं वळून पाह्यलं नाही तं म्हनसान, बहिरी हाय! कोनी विचारलं का तिले? एकदा तरी कोनी विचारलं?"

एवढं बोलून मी थांबले. सासूसमोर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ, आणि तीही परक्या माणसादेखत. आता काय होतंय, म्हणून मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

आत्याबाईंनी कावडीतले पिंजरे एकेक न्याहाळले. मग पाखरंवाल्याला म्हणाल्या, "थो कंठवाला दे. थो टपोऱ्या डोयाचा." आणि मला म्हणाल्या, "राघूच म्हनू मंग. ओरडतं काहून?"

पाखरंवाला गेल्यावर त्या खांबाला टेकून बसल्या. नव्या पिंजऱ्याकडे बघत, मला नाही, पिंजऱ्यालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "माह्यंही बदललं होतं. पन आमच्या वक्ती पोपट नवता."

"काय होतं तुमचं?"

"राहू दे ना वं. मिरची आन, याले दाखवू."

कंठवाला मिरचीला शिवलाही नाही, आणि आत्याबाईंचा त्याच्यावरचा जीव तिथेच निम्मा उतरला. पण राघूला तो आवडला. म्हणजे लगेच नाही. आधी दोन पिंजरे शेजारी ठेवले, मग एका पिंजऱ्यात दोघांना सोडलं. राघू त्याला टोचायची, हुसकायची, झोका आपल्याकडेच ठेवायची. तो बिचारा खाली बसून राहायचा. मग एक दिवस पाहिलं तर दोघं झोक्यावर अंगाला अंग लावून बसलेले, आणि तो तिच्या डोक्यावरची पिसं चोचीने विंचरून देत होता. ती डोळे मिटून बसली होती. होळीपर्यंत तिच्या छातीवर बारीक हिरवी लव आली. पिंजरा लहान पडायला लागला, म्हणून ह्यांनी जिनिंगमधल्या सुताराकडून मोठा करून आणला. ह्या एका गोष्टीत त्यांनी कोणाला विचारलं नाही.

आणि ती बोलायची थांबली. आत्याबाईंनी सांगितलं होतं तसंच. आधी सकाळची हाक तुटक झाली, नुसतं "अवं" आणि पुढे काही नाही. मग तेही गेलं. आता दोघं मिळून किंचाळायची, आपल्या भाषेत, सगळी ओसरी डोक्यावर घ्यायची. शेवटची हाक तिने कधी मारली ते मला सांगता येणार नाही. शेवटची आहे हे माहीत असतं तर हातातलं काम टाकून ऐकली असती. मी खूश होते, खोटं नाही सांगत. तिला बघून पोट भरायचं. पण सकाळी चूल पेटवताना कान आपोआप ओसरीकडे जायचे, आणि तिकडून नुसता कलकलाट यायचा. मी मनात म्हणायची, गेलं बाई ते नाव. आता आर्णीला गेल्यावरच.

उन्हाळ्यातली सकाळ होती. आत्याबाई आत चुलीजवळ पीठ मळत होत्या, दूध वर ठेवलं होतं. मी अंगणात गोवऱ्या रचत होते. आतून एकदम हाक आली.

"अवं अमकेऽ! दूध पाह्य, दूध!"

मी हलले नाही. गोवरी हातात तशीच. ठसका मायचा, आवाज आत्याबाईंचा. मी तशीच उभी आणि आत दूध चर्रकन चुलीत गेलेलं ऐकू आलं. जळक्या दुधाचा वास अंगणापर्यंत पोचला.

आत्याबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. "बहिरी झाली का वं? सारं दूध उतू गेलं!"

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता काय म्हनून हाक मारली मले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की उन्हाने माझं डोकं फिरलं की काय.

"काय म्हनून म्हन्जे? तुह्या नावानं मारली. आनखी कोनाच्या मारू?"